कूलर कोणता, पीसीतला की खिडकीतला?

हिवाळ्यात ‘कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ’ असं विचारणारे वाचक एप्रिल लागला की ‘पीसी तापतोय’ म्हणून लिहू लागतात. या वेळी दोन्ही गठ्ठे एकत्रच सोडवायला घेतलेत.

प्रश्न (नाशिक) : रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड. नवे गेम अडखळतात. दुकानदार म्हणतो, सगळंच नवीन घ्या. आधी काय बदलू?

उत्तर : सगळं नवीन घ्या म्हणायला दुकानदाराचं काय जातं! आधी एक परीक्षा करा. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाका आणि खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात जीपीयूचा, म्हणजे कार्डातल्या चिपचा, वापर दिसेल असं करा. व्ही-सिंक (गेमचा वेग स्क्रीनच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद ठेवा, नाहीतर आकडा फसवेल. आकडा ९७-९९ टक्क्यांवर चिकटून असेल तर कार्ड दमलंय. साठ-सत्तरवर रेंगाळत असेल आणि तरीही गेम अडखळत असेल, तर प्रोसेसर मागे पडतोय.

माझा अंदाज विचाराल तर दोघंही थकलेत, पण पैसे आधी कार्डात घाला. तुमचं १०६० हे २०१६चं, १२० वॅटचं. आरटीएक्स ५०६० घेतलंत तरी ते १४५ वॅटचं आहे, त्यामुळे बऱ्या कंपनीचा ५५० वॅटचा पॉवर सप्लाय असेल तर तोच पुरेल. एक खोच आहे. हे कार्ड बोर्डाशी बोलायला आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं आणि तुमचा बोर्ड जुन्या, कमी वेगाच्या पीसीआय एक्स्प्रेस ३.०चा, म्हणजे कार्डाची ८ जीबी मेमरी भरली आणि डेटा या वाटेनं ये-जा करू लागला की झटके बसतील. गेममधली टेक्स्चरची (पृष्ठभागांच्या बारकाव्याची) सेटिंग एक पायरी खाली ठेवा, डोळ्यांना फरक जाणवणारही नाही.

पुढच्या वर्षी प्रोसेसर. बोर्ड तोच, सॉकेट तोच, एएम४. रायझन ५ ५६०० सरळ बसतो, आणि ५७००एक्स३डी रास्त भावात हाती लागला तर सोडू नका. त्यातली ९६ एमबीची एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी, गेममध्ये खरंच कामाला येते. मात्र बायॉस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करा. क्रम उलटा झाला की काळी स्क्रीन बघत बसावं लागतं. आणि अपडेट चालू असताना लाइट जाणार नाही याची सोय हवी. घरी यूपीएस नसेल तर शेजाऱ्याचा आणा.

प्रश्न (चंद्रपूर) : आय५-१२४००एफ प्रोसेसर, सोबत आलेलाच पंखा. हिवाळ्यात ७० अंश असायचं, आता ८८ दाखवतंय. कॅबिनेटची बाजू उघडून टेबल फॅन लावू का? आणि डेझर्ट कूलर पीसीकडे वळवला तर?

उत्तर : घाबरू नका, हिशेब मांडू. हिवाळ्यात खोली २२ अंश आणि प्रोसेसर ७०, म्हणजे फरक ४८चा. मे महिन्यात तुमची खोली ४० असेल, तर ४० अधिक ४८, बरोबर ८८. पीसी बिघडला नाही, खोली तापली. कुठलाही पंखा किंवा रेडिएटर असो, तो खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. तो फक्त मधला फरक कमी करतो. हा प्रोसेसर १०० अंशांना स्वतःहून वेग कमी करतो, म्हणजे अजून जागा आहे.

बाजू उघडायची ती निदानापुरती. अर्धा तास उघडं ठेवून तोच गेम खेळा. तापमान सहा-सात अंशांनी उतरलं, तर दोष कॅबिनेटचा आहे. पुढून बंद काच असलेली कॅबिनेटं दिसायला झकास असतात, पण पंख्यांना श्वास कुठून मिळणार? मग जाळीदार कॅबिनेट घ्या, पुढून दोन पंखे हवा आत घेणारे, मागून एक बाहेर टाकणारा. काहीच उतरलं नाही, तर दोन-तीन हजारांचा टॉवर कूलर (प्रोसेसरवरचा उभा, पातळ पत्र्यांचा आणि पंख्याचा) बसवा. बाजू कायमची उघडी ठेवली तर विदर्भातली धूळ दोन महिन्यांत पंख्यांवर गादी घालेल.

डेझर्ट कूलर खोलीत जरूर लावा, खोली गार झाली की प्रोसेसरही तेवढाच उतरतो. पण झोत थेट पीसीवर नको. खसातून उडणाऱ्या तुषारांबरोबर क्षार येतात. त्यात धूळ मिसळली की बोर्डावर जो पांढरा थर बसतो, तो ब्रशनेही निघत नाही.

प्रश्न (सातारा) : आमचे चिरंजीव रायझन ५ ५६००साठी नऊ हजारांचा लिक्विड कूलर मागताहेत. गरज आहे का?

उत्तर : गरज नाही, हौस आहे. ६५ वॅटच्या प्रोसेसरला साधा टॉवर कूलर पुरून उरतो. त्याचा पंखा बिघडला तर पाचशे-हजारात नवा येतो. लिक्विडचा पंप गेला तर अख्खं बिऱ्हाड बदलावं लागतं. आय७-१४७००के सारखा, २५० वॅटपर्यंत खाणारा प्रोसेसर असता तर मीच घ्या म्हटलं असतं. हौस पुरवणारच असाल तर रेडिएटर वरच्या बाजूला बसवा. पंप सगळ्यांत उंचावर राहिला की त्यात हवा साठते आणि तो गुरगुरतो.

प्रश्न (रत्नागिरी) : प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट पाच वर्षांची झाली. रायझन ५ ३६००चा कूलर कसा काढू?

उत्तर : ओढून नव्हे! एकदा घाईत मी थंड पीसीचा कूलर सरळ वर उपसला. वाळलेल्या पेस्टनं प्रोसेसरला असं धरलं होतं की लॉक बंद असूनही तो सॉकेटमधून उपटून कूलरला लटकत वर आला, चार पिना वाकलेल्या. मेकॅनिकल पेन्सिलीतलं शिसं काढून, तिची पोकळ नळी एकेका पिनेवर चढवून दोन तास सरळ करत बसलो होतो. म्हणून आधी वीस मिनिटं गेम चालवा, पेस्ट मऊ होऊ द्या. मग पीसी बंद करा, वायर काढा, स्क्रू किंवा क्लिपा सोडवा आणि कूलर डावी-उजवीकडे हलके फिरवत सुटा करा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून वाटाण्याएवढी नवी घाला. कोकणातल्या खाऱ्या हवेत स्क्रूही गंजतात. एखादा फिरेना झाला तर जोर लावू नका, आधी योग्य मापाचा पेचकस शोधा.

प्रश्न (कोल्हापूर) : नवं कार्ड टाकल्यापासून गेम सुरू होताच पीसी खाड्कन बंद पडतो. तापमान ६०च आहे. कूलर बदलू?

उत्तर : नको. साठ अंशांना कोणी बंद पडत नाही. पॉवर सप्लाय तपासा, तोही कॅबिनेटबरोबर फुकट आलेला असेल तर आजच.