'टायगर 3' आधीच्या दोन भागांसमोर फिका का वाटतो? तुलना नेमकी कशावर करावी?

तुमचा प्रश्न असा की, 'टायगर 3'मध्ये मारामारी आधीपेक्षा मोठी आहे, देश जास्त फिरून होतात, वर शाहरुखही येतो, तरी घरी आल्यावर मनात काही उरत नाही, ते का? आणि मालिकेतला नवा भाग जुन्यांशी ताडून बघायचा तर कोणत्या मापानं? मी परभणीचा आहे, तिन्ही भाग थिएटरात पाहिलेत आणि नंतर घरीही. माझं माप एकच आहे. नायकाचं काय पणाला लागलंय, आणि ते जाईल ही धास्ती आपल्याला किती वेळ पुरते? (पुढे तिन्ही सिनेमांची कथा फुटेल. पाहिले नसतील तर आधी पाहून घ्या.)

कबीर खानचा 'एक था टायगर' 2012 च्या 15 ऑगस्टला आला. त्यात सलमान म्हणजे टायगर, 'रॉ' या भारतीय गुप्तचर संस्थेचा हेर. आज बघाल तर त्यातली मारामारी बेताचीच वाटेल. डब्लिनमध्ये बेफाम सुटलेली ट्राम थांबवण्याचा प्रसंग सोडला, तर पूर्वार्धात टायगर 'मनीष' नावाचा लेखक बनून एका प्राध्यापकाच्या घराभोवती घुटमळतो आणि त्या घरात काम करणाऱ्या झोयाशी (कतरिना) गप्पा मारतो. पण ती पाकिस्तानच्या आयएसआयची हेर निघते आणि तिथून पुढचा प्रत्येक प्रसंग एकाच पेचातून निघतो: नोकरी की झोया. हवानातला एटीएमचा प्रसंग आठवा. दोघं सगळ्या जगापासून लपून सुखानं राहतायत. लुटारू आडवे येतात, टायगर त्यांना चोप देतो आणि नेमका तिथल्या कॅमेऱ्यात सापडतो. मारामारी अगदी किरकोळ, पण तिची किंमत म्हणजे त्यांचा आख्खा संसार. हात उचलल्याचं मोल इतकं स्पष्ट दिसणारं दृश्य पुढच्या दोन्ही भागांत मला सापडलं नाही.

'टायगर जिंदा है' (2017) अली अब्बास जफरनं केला आणि त्याला पाया खऱ्या घटनेचा होता. 2014 मध्ये इराकमधल्या तिक्रीतला 46 भारतीय नर्सेस अडकल्या होत्या, बहुतेक केरळच्या, आणि पुढं त्या सुखरूप परत आल्या. सिनेमात गावाचं नाव बदललं, पाकिस्तानी नर्सेसही घातल्या, आणि रॉ आणि आयएसआय यांना एका मोहिमेत आणलं. यातलं खरं कसब मला मशीनगनच्या दृश्यात दिसत नाही. ते दिसतं दहशतवाद्यांनी नर्सेसना ओलीस ठेवलंय त्या रुग्णालयात शिरण्याच्या योजनेत. टायगरची माणसं तेल कारखान्यात मजूर म्हणून घुसतात, तिथं स्फोट घडवतात आणि भाजलेले जखमी म्हणून त्याच रुग्णालयात उपचारांसाठी पोचतात. आत ओलीस कुठे, पहारा कुठे, बाहेर पडायचं कुठून, हे आपल्याला माहीत असतं. शिवाय अमेरिकेचा हवाई हल्ला व्हायच्या आत सगळ्यांना बाहेर काढायचंय. एक इमारत, एक मुदत आणि ज्यांचे चेहरे ओळखीचे झालेत अशा बाया. एवढं असलं की साधी बंदूक रोखली तरी पोटात गोळा येतो.

माझी आतेबहीण नर्स आहे, नांदेडला शिकली. तिला या सिनेमातली नर्स पूर्णा आजही आठवते, कारण ती नुसती रडत बसत नाही, स्वतः हालचाल करते. आमच्याकडच्या कितीतरी मुली नर्सिंग करून घरापासून लांब नोकरीला जातात. हा भाग इकडे इतका का चालला, त्यात सलमान तर आहेच, पण हेही आहे.

आता तिसरा. मनीष शर्माचा हा भाग 2023 च्या 12 नोव्हेंबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी लागला. सुरुवात उत्तम आहे, हे आधी म्हणतो. पहिल्या भागातला टायगरचा सहकारी गोपी अकरा वर्षांनी परत येतो आणि मरता मरता सांगतो की झोया दोन्हीकडून खेळत असेल. केवढा मोठा डाव! ज्या बाईसाठी टायगरनं सगळं सोडलं, तिच्यावरच संशय. पुढं कळतं की खलनायक आतिश रहमाननं (इम्रान हाश्मी) त्यांच्या मुलाच्या जिवाची भीती घालून तिला वेठीला धरलंय, आणि मग नवरा-बायको दोघांनाही त्याच्यासाठी चोरी करावी लागते. मुलगा वाचवायचा तर देशाच्या नजरेत गद्दार ठरायचं. पहिल्या भागातला पेच इथं दुप्पट झालाय. इथपर्यंत मी खुर्चीच्या टोकावर होतो.

पण सिनेमा हा पेच धरून ठेवत नाही. मुलाचा धोका टळला की टायगरकडे गमावण्यासारखं आपल्या जिव्हाळ्याचं फार राहत नाही. पुढं पाकिस्तानच्या पंतप्रधानांना सत्तापालटापासून वाचवायचंय. काम मोठं आहे, पण त्या बाईंची आणि आपली ओळख जेमतेम झालेली असते. सिमरननं ती भूमिका चांगली केली, तरी नर्सेसच्या बाबतीत वाटलेली तगमग इथं येत नाही.

आणि गोपी! रणवीर शौरीनं पहिल्या भागात काय सुंदर माणूस उभा केला होता. मित्रही, आणि त्याच मित्राला धरायला पाठवलेला सहकारीही. त्याला परत आणून सुरुवातीलाच मारलं आणि त्याच्यासाठी टायगरला नीट दुःखही करू दिलं नाही. शेजारी बसलेला माझा मामेभाऊ तिथंच म्हणाला, "गोपीला काहून मारलं बे एवढ्या लवकर?" मला त्याचा राग अगदी पटला. जुन्या भागानं जपलेलं माणूस नवा भाग कसा वापरतो, हे मी प्रत्येक मालिकेत बघतो. नुसती बातमी पोचवायला त्याला आणलं असेल, तर प्रेक्षकाच्या आठवणीवर फुकट काढलेली उचल आहे ती.

शाहरुखचं म्हणाल तर थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं, मीही वाजवल्या. पण टायगर पाकिस्तानच्या कैदेत, सगळीकडून बदनाम, अशा तिन्ही भागांतल्या सगळ्यात बिकट वेळी त्याला सोडवायला दुसऱ्या सिनेमाचा नायक येतो. 'पठाण'मध्ये टायगर आला होता, त्याची परतफेड म्हणून ते शोभतं. कथेच्या हिशेबात मात्र टायगरनं स्वतःच्या डोक्यानं सुटण्याची संधी तिथं गेली. रुग्णालयात शिरण्याची योजना आखणारा माणूस हाच ना?

तिसऱ्या भागानं झोयाला मात्र न्याय दिला. तिचे वडील, आतिशनं तिला घडवणं, हे पहिल्या दोन्ही भागांत नव्हतंच. हमाममधली (तुर्की पद्धतीच्या स्नानगृहातली) तिची मारामारी टॉवेलमुळे गाजली. तुम्ही परत बघाल तेव्हा तिचे पाय आणि तोल बघा. समोरची मिशेल ली कसलेली स्टंट कलाकार आहे, आणि कतरिना कुठेही कमी पडत नाही. इम्रान हाश्मीही आवाज न चढवता दहशत बसवतो. निजामाच्या मुलखात वाढलेल्या आमच्या कानाला त्याची उर्दू वळणाची हिंदी फार गोड लागते, त्यामुळे तो आणखीच धोकादायक वाटतो.

माझ्या लेखी दुसरा भाग सगळ्यात वर, पहिला त्याच्या पाठोपाठ आणि तिसरा बराच खाली. तुमचे मित्र मारामारीवर अडून बसले असतील, तर त्यांना एवढंच विचारा की तिसऱ्यात मुलगा सुखरूप झाल्यानंतर त्यांना नेमकी कुणाची काळजी वाटत होती.