रबाळ्याच्या छोट्या कंपनीतला अनुभव घेऊन जर्मनीत मास्टर्सला जातोय. रेझ्युमे, कव्हर लेटर आणि नोकरीचा शोध कसा करू?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही कळव्याचे, मेकॅनिकलचे, रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत दोन वर्षं प्रॉडक्शनला होतात आणि ऑक्टोबरच्या सेमिस्टरला जर्मनीला निघताय. नौपाड्यातला एक कन्सल्टंट म्हणतोय की ही दोन वर्षं किरकोळ आहेत, ती एका ओळीत उरकू, वर कॉलेजचे प्रोजेक्ट आणि सर्टिफिकेटं भरू, आणि रेझ्युमे-कव्हर लेटरचं पॅकेज घ्या. पॅकेज घेऊ नका. ती दोन वर्षं हीच तुमच्या अर्जातली सगळ्यात वजनदार गोष्ट आहे.

मी नेरुळची. मास्टर्स जर्मनीत केलं, नंतर तिथेच मशीन बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीत होते, आता ऐरोलीत काम करते. तिथे वेर्कश्टुडेंट, म्हणजे शिकता शिकता अर्धवेळ काम करणारे विद्यार्थी निवडताना आलेले अर्ज वाचणं माझ्याकडे असायचं. आपल्याकडच्या मुलांचे अर्ज बरेचदा एकाच साच्यातले असायचे. वर 'ऑब्जेक्टिव्ह', खाली सॉफ्टवेअरची लांब यादी, मग ऑनलाइन कोर्स, आणि तळाशी कुठेतरी 'प्रॉडक्शन इंजिनिअर'. आमची नजर मात्र त्या तळाच्या ओळीवरच जायची. लाइन बंद पडलेली असताना ऑपरेटरशेजारी उभं राहून जो काहीतरी मार्ग काढतो, त्याला शॉप फ्लोअर, म्हणजे कारखान्यातलं प्रत्यक्ष मशीनवरचं काम, नव्याने शिकवावं लागत नाही.

आता ते लिहायचं कसं. श्टुटगार्टमधल्या माणसाला रबाळे माहीत नाही, एमआयडीसी माहीत नाही, तुमच्या कंपनीचं नाव तर नाहीच. म्हणून कंपनीच्या नावाखाली एक ओळ द्या: कंपनी काय बनवते, माणसं किती, माल कोणाला जातो. 'हायड्रॉलिक फिटिंग बनवणारी, साठ कामगारांची कंपनी, ग्राहक ट्रॅक्टर उद्योगातले' एवढं लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कारखाना उभा राहतो. त्याच्या गावातही तसलाच एखादा असतो.

मग तुमचं काम. 'उत्पादन आणि मेंटेनन्सची जबाबदारी सांभाळली' ही ओळ कोणीही लिहू शकतो, म्हणून ती कोणी वाचत नाही. समजा प्रेसवर डाय, म्हणजे मालाला आकार देणारा साचा, बदलायला पाऊण तास जायचा, आणि तुम्ही हत्यारं आधी मांडून ठेवायची सवय लावून तो अर्ध्या तासावर आणलात. हेच लिहा: कोणतं मशीन, अडचण काय, तुम्ही काय केलंत, फरक किती पडला. रिजेक्शन, म्हणजे खराब म्हणून बाद होणारा माल, कमी केलं असेल तर कशातलं आणि कशामुळे. एखादं फिक्स्चर, म्हणजे काम करताना भाग पकडून ठेवणारी जोडणी, स्वतः डिझाइन केलं असेल तर ते कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि ते अजून वापरात आहे का. जे आकडे तुम्हाला मुलाखतीत समजावून सांगता येतील तेवढेच लिहा. मुलाखत घेणारा बहुतेक वेळा स्वतः इंजिनिअर असतो. तो ड्रॉइंगवरच्या टॉलरन्सबद्दल, म्हणजे मापात किती फरक चालतो त्याबद्दल, विचारतो, आणि फुगवलेली गोष्ट तिथे दोन प्रश्नांत उघडी पडते.

आणि हे मी फार आग्रहाने सांगते: निघायच्या आधी कंपनीकडून नीट अनुभवपत्र घ्या. आपल्याकडे पत्रात 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत नोकरीस होते, पुढील वाटचालीस शुभेच्छा' एवढंच असतं. जर्मनीत काम सोडणाऱ्याला कायद्याने लेखी प्रशस्तिपत्र मागता येतं, आणि त्याने मागितलं तर त्यात काम कसं केलं आणि वागणूक कशी होती हेही लिहावं लागतं. त्याला आर्बाइट्सत्सॉइग्निस म्हणतात. तिथले लोक अर्जासोबत ते बघायला सरावलेले असतात. तेव्हा तुमच्या मॅनेजरसाहेबांना भेटून सांगा की पत्रात हुद्दा, हाताखालची मशीनं, मुख्य कामं आणि तुमच्या कामाबद्दल दोन वाक्यं हवीत. मसुदा तुम्हीच इंग्रजीत टाइप करून न्या. छोट्या कंपनीत साहेब गडबडीत असतात, समोर कागद ठेवला तर वाचून, बदल सुचवून, लेटरहेडवर शिक्का मारून देतात. एकदा तुम्ही तिकडे गेलात की हेच पत्र फोनवरून मिळवायला महिने जातात.

गुणांचं असं. तिथे १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. सीजीपीए नुसता '८.२' लिहिलात तर वाचणारा गोंधळतो. रूपांतराचं सूत्र सोपं आहे: जास्तीत जास्त गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला जास्तीत जास्त आणि किमान पास यांच्यातल्या फरकाने भागा, ३ ने गुणा, १ मिळवा. कमाल १० आणि पासची पातळी ४ धरली तर ८.२ चे होतात १.९. रेझ्युमेत दोन्ही लिहा, '१० पैकी ८.२, जर्मन पद्धतीने अंदाजे १.९'.

रेझ्युमेचा साचा, ज्याला तिथे लेबेन्सलाउफ म्हणतात, तक्त्यासारखा सरळ ठेवा: डावीकडे महिना आणि वर्ष, उजवीकडे मजकूर, सगळ्यात नवीन गोष्ट वर. एक-दोन पानं पुरेत. मधे रिकामे महिने असतील तर लपवू नका, 'जर्मन भाषेचा अभ्यास, प्रवेशाची तयारी' असं लिहा. तारखा तिथे खरोखर तपासल्या जातात. फोटो बंधनकारक नाही, पण बरेच लोक अजून लावतात. लावायचा तर स्टुडिओतला लावा, लग्नातला कापलेला नको. वडिलांचं नाव, धर्म, पासपोर्ट नंबर, 'वरील माहिती सत्य आहे' हे सगळं काढून टाका.

भाषेच्या रकान्यात जर्मनची पातळी खरी लिहा; ए१, ए२, बी१, बी२ अशा त्या चढत जातात. ए२ असेल तर ए२, आणि पुढे 'बी१ चा अभ्यास सुरू'. अजून वेळ आहे तोवर शिकत राहा, काळा घोड्याच्या मॅक्स म्यूलर भवनात असो की ठाण्यातल्या एखाद्या क्लासमध्ये. सॉफ्टवेअरवाल्यांचं इंग्रजीवर भागतं. मेकॅनिकलमध्ये शॉप फ्लोअरवर जर्मनच बोलतात, त्यामुळे बी२ च्या मुलासमोर उघडणारी दारं कितीतरी जास्त असतात.

कव्हर लेटर एका पानाच्या वर जाऊ देऊ नका. जाहिरातीत ज्या व्यक्तीचं नाव असेल तिच्याच नावाने लिहा. पहिल्या परिच्छेदात नेमकं कोणतं पद आणि कुठलं शिक्षण चालू आहे ते सांगा. दुसऱ्यात जाहिरातीतल्या दोन अपेक्षा उचला आणि रबाळ्यातल्या कामातून त्यांना उत्तर द्या. शेवटी कोणत्या महिन्यापासून, आठवड्याला किती तास आणि निदान किती महिने काम करू शकाल ते लिहा. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात, आणि आम्हाला आधी तेच हवं असायचं. एआयकडून लिहून घेतलेली पत्रं एकामागून एक वाचली की सगळी एकाच माणसाची वाटतात, म्हणून मसुदा वाटल्यास तपासून घ्या, पण मजकूर तुमचा असू द्या. पत्र, रेझ्युमे, मार्कशीट आणि अनुभवपत्र या सगळ्याची मिळून एकच पीडीएफ करा.

शोध पहिल्या सेमिस्टरलाच सुरू करा, पण आधी युनिव्हर्सिटीच्या आतच बघा. प्राध्यापकांच्या विभागात विद्यार्थी सहायकाच्या जागा असतात, त्यांना हिवी म्हणतात; त्या नोटीस बोर्डावर आणि विभागाच्या वेबसाइटवर लागतात. बाहेर लिंक्डइन, श्टेपस्टोन आणि सरकारी रोजगार संस्थेचं पोर्टल आहेच. मोठ्या कारकंपन्यांच्या मागे सगळेच धावतात. लहान गावांतल्या, कुटुंबाच्या मालकीच्या, एखादाच सुटा भाग जगभर विकणाऱ्या कंपन्यांची यादी करा आणि थेट त्यांच्या करिअर पानावर अर्ज टाका. तुमचा अनुभव त्यांना सगळ्यात जवळचा आहे. पुढे मास्टर्सचा प्रबंध अशाच कंपनीत करता आला तर नोकरीची बोलणी बरेचदा तिथेच होतात.

नियम लक्षात असू द्या. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आणि सेमिस्टर चालू असताना वेर्कश्टुडेंटचे तास आठवड्याला २० च्या आत ठेवतात. अभ्यासक्रमातली सक्तीची इंटर्नशिप या दिवसांत धरत नाहीत. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांपर्यंतचा निवास परवाना मिळतो, मात्र त्यासाठी अर्ज वेळेत करावा लागतो. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात तारीख मिळायला उशीर होतो, म्हणून निकालाची वाट न बघता ती आधीच मागा.

तुमच्या कंपनीत नेमकं काय बनायचं आणि तुम्ही कोणत्या मशीनवर होतात ते खाली लिहा. नाव नको. ती कंपनीची ओळ आणि कामाचे दोन-तीन मुद्दे इथेच लिहून देते.