कागदाचं सोनं आणि अंगणातला पातेरा

प्रिय सोनू,

शनिवारी तू दाताळं हातात धरून अंगणात उभी राहिलीस आणि मला विचारलंस, "आई, दसऱ्याला आपण सगळ्यांना सोनेरी कागदाची पानं दिली. मग ही खरी सोनेरी पानं पिशव्यांत भरून रस्त्याकडेला का ठेवतोय? आजी पण पानं फेकून द्यायची का?" मी तेव्हा "आधी पिशवी नीट धर" एवढंच म्हणाले. पाठ बोलायला लागली होती आणि खरं सांगायचं तर उत्तरही नव्हतं. आता लिहिते. जोडाक्षर अडलं तर बाबांना विचार. त्यांनाही अडलं तर दोघं माझ्याकडे या.

आजीचं आधी सांगते. आजीकडे ऑक्टोबरात पानं गळतच नाहीत. तेव्हा कोकणात भात कापायला आलेलं असतं आणि डोंगर अजून हिरवे असतात. पानगळ होते ती शिशिरात, माघ-फाल्गुनात, म्हणजे इथे अमेरिकेत, ओहायोत आपण बर्फ उपसत असतो तेव्हा. इथली झाडं पानं टाकतात ती पुढे येणाऱ्या थंडीसाठी, कारण गोठलेल्या जमिनीतून पाणी ओढता येत नाही. तिथला साग आणि पळस पानं टाकतात ते उन्हाळ्यासाठी. पाऊस जूनमध्ये येणार, तोवर पानांतून पाणी उडू द्यायचं कशाला? आंबा, फणस, काजू मात्र कधी पूर्ण उघडे होत नाहीत. ते वर्षभर थोडी थोडी पानं खाली टाकत राहतात, अगदी तुझ्या मोज्यांसारखी.

खाली पडलेल्या या सुक्या पानांना आमच्याकडे पातेरा म्हणतात. पुस्तकातला शब्द पालापाचोळा. पण पाचोळा म्हटलं की तो वाऱ्यावर उडून गेल्यासारखा वाटतो आणि पातेरा घरात येतो. आजी सकाळी उन्हं तापायच्या आत खराटा आणि हारा घेऊन कलमांखाली जायची. हारा म्हणजे बांबूची मोठी टोपली, तू आत बसशील एवढी. खराटा नारळाच्या झावळीच्या हिरांचा, म्हणजे तोही पडलेल्या पानाचाच! मी मागून जायचे. हारा भरला की माझं काम आत उभं राहून पातेरा पायांनी दाबायचा. काजूखालचा पातेरा गोळा करताना पानांत लपलेल्या बिया सापडायच्या, त्या माझ्या. फाल्गुनात वणव्याची भीती असते, म्हणून घराभोवती सुकी पानं ठेवायचीच नाहीत, असाही आजीचा दंडक होता.

घरी आणलेला पातेरा कुठे जायचा विचारशील तर थोडा न्हाणीच्या चुलीत. फणसाचं पान भपकन पेटतं आणि तितक्याच लवकर विझतं, त्यामुळे आंघोळीचं पाणी तापेपर्यंत कुणीतरी समोर बसून मूठ मूठ आत सारत राहावं लागतं. परीक्षेच्या दिवसांत तो मान माझा. एका हातात इतिहासाचं पुस्तक, दुसऱ्या हातात फणसाची पानं. बराचसा पातेरा गोठ्यात गुरांच्या पायांखाली अंथरला जायचा. त्यात शेण-मूत मुरलं की तो गायरीत, म्हणजे खताच्या खड्ड्यात, आणि पावसाच्या तोंडावर तिथून शेतात. काही नारळी-पोफळीच्या आळ्यांत, ओल धरून ठेवायला. उरलेला भाजावळीला. भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, कवळं, गवत, पातेरा असे थर रचून वर माती पसरायची आणि मंद पेटवायचं. तणाचं बी जळतं आणि राख मातीत मिसळते. या कवळासाठी झाडांच्या फांद्या तोडतात, ते मला तेव्हाही आवडायचं नाही आणि आताही आवडत नाही. आजीची प्रत्येक गोष्ट बरोबरच होती, असं मी तुला सांगणार नाही.

गंमत म्हणजे पातेऱ्यावरून वाड्यांत भांडणं व्हायची. "आमच्या कलमाखालचा पातेरा कुणी उचलला?" असं पणजी बांधावर उभी राहून विचारायची आणि उत्तर कुणाला द्यायचं ते साऱ्या वाडीला ठाऊक असायचं. इथे शेजारचे काका ब्लोअरने त्यांची पानं आपल्या बाजूला ढकलतात म्हणून बाबा चिडतात. कुठेही जा, पळसाला पानं तीनच म्हणतात खरं, पण इथे भांडण पानं दिल्याचं, तिथे नेल्याचं!

तू या पानांना "मेलेली पानं" म्हणालीस. शाळेत तसंच म्हणतात, त्यामुळे तुझी चूक नाही. पण मराठीत पान मरत नाही, पिकतं. आंबा पिकतो तसं. आजीच्या पानाच्या डब्यात विड्याचं पिवळसर पिकलं पान निघालं की ते आधी आजोबांना, कारण ते मऊ लागतं. झाडाचंही जवळपास तसंच आहे. पिवळा रंग पानात उन्हाळाभर असतोच, हिरव्याखाली झाकलेला. थंडी जवळ आली की झाड हिरवं द्रव्य मोडून त्यातलं कामाचं खोडात परत घेतं आणि देठाशी एक पापुद्रा तयार करून पान सोडून देतं. मेपलचा लाल रंग मात्र झाड शरदातच नव्याने बनवतं.

आता तुझं सोनं. दसऱ्याला देतात ती आपट्याची पानं, जोडलेले दोन भाग असलेली, वासराच्या खुरासारखी. रघुराजासाठी कुबेराने आपट्याच्या झाडावर सोन्याच्या मोहरांचा पाऊस पाडला, ती गोष्ट तुला पाठ आहे. आमच्याकडे शिलंगणाला गावाबाहेर आपट्याची पूजा व्हायची आणि मग सगळे सोनं लुटायचे. लुटायचे म्हणजे खरंच झोंबाझोंबी. मी एकदा एक पान मिळवलं आणि एक चप्पल गमावली. हल्ली शहरांत त्यासाठी फांद्याच्या फांद्या तोडून बाजारात आणतात, आणि पुष्कळदा ती पानं आपट्याची नसून कांचनाची असतात. घेणाऱ्याला फरक कळत नाही. भारतातून ताजी पानं आणायची तर विमानतळावर अडवतात. म्हणून मंडळात सोनेरी कागद. मला तो कागद आवडत नाही, पण दसऱ्याला हात रिकामा नको म्हणून मीही कातरत बसले होते.

आता गॅरेजशेजारचं रेडबड बघ, पानं बदामाच्या आकाराची म्हणून तू ज्याला व्हॅलेंटाइनचं झाड म्हणतेस ते. त्याचं पिवळं पान हातात घेऊन उलटं कर. सगळ्या शिरा देठाजवळच्या एका ठिकाणाहून फुटतात ना? आपट्याच्याही तशाच फुटतात. दोन्ही झाडांना चपट्या शेंगा येतात आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात दोन्ही एकाच उपकुळातली आहेत. म्हणजे आपट्याचा एक लांबचा भाऊ आपल्या अंगणात उभा आहे आणि आपण त्याचीच पानं पालिकेच्या गाडीसाठी पिशवीत भरत होतो. हे मला तू विचारल्यानंतरच सुचलं.

यंदा, 2025 मध्ये, दसरा 2 ऑक्टोबरला आला, तेव्हा रेडबड हिरवंच होतं. पण पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पुढचे सगळे सण लांबतात आणि दसरा 20 ऑक्टोबरला येतोय. तोवर रेडबड पिवळं पडायला लागलेलं असेल. आपण खाली पडलेलीच पानं वेचायची, एकही तोडायची नाही. आजीला हे चालेल का, ते रविवारी फोनवर तूच विचार. ती आधी "काहीतरीच तुमचं!" म्हणेल आणि मग त्या झाडाला फुलं कसली येतात ते विचारेल. एप्रिलमध्ये फांद्यांवर, खोडावरसुद्धा येणारी ती गुलाबी-जांभळी फुलं तिला सांग.

उरलेल्या पिशव्यांबद्दल. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी मी आजीच्या थाटात सगळी पानं गवतावर तशीच राहू दिली. ती भिजून घोंगडीसारखी बसली आणि मार्चमध्ये खाली गवताऐवजी चिखल निघाला. म्हणून गवतावरची पानं बाबांनी मोअरने बारीक करायची. तीन टोपल्या सुकी पानं आणि एक टोपली स्वयंपाकघरातला ओला कचरा असं खत करायचं, ते तुझ्याकडे. पुण्यात मावशीच्या सोसायटीची पानं आता जाळत नाहीत. तिथे ब्राउन लीफ नावाचा गट आहे, तो पानं असणाऱ्यांची आणि पानं हवी असणाऱ्यांची गाठ घालून देतो. मावशीची पोती कुणाच्या तरी गच्चीवरच्या बागेत जातात. आणि मागच्या कुंपणाशी, मेपलखाली, आपण काहीच आवरायचं नाही. जूनमध्ये तू ज्यांच्यामागे बाटली घेऊन पळतेस त्या काजव्यांच्या अळ्या अशाच पाचोळ्यात आणि ओल्या मातीत हिवाळा काढतात.

चौदा पिशव्यांपैकी सहा अजून रस्त्याकडेला आहेत. गाडी मंगळवारी सकाळी येते. सोमवारी शाळेतून आलीस की आपण दोघी त्या परत आत ओढून आणू. बाबांना आधी सांगू नकोस, त्यांनीच त्या बाहेर ठेवल्यात.

तुझी,
आई