मी त्यांचा कोण लागतो?

"मॅडम, वडील गेले तेव्हाही मी एवढा कोसळलो नव्हतो. हे तर माझ्या नात्यातलेही नव्हते. माझं काही बिघडलंय का?"

समुपदेशनासाठी समोर बसलेला माणूस पंचेचाळिशीचा, भोसरीत छोटं वर्कशॉप चालवणारा. (त्याला विचारून लिहितेय, ओळख पटेल ते बदललंय.) 'मामा' म्हणजे त्याचे पहिल्या कारखान्यातले उस्ताद. आयटीआय करून लेथवर उभा राहिला तेव्हा हात धरून शिकवलं त्यांनी, स्वतःचं मशीन घेताना बँकेत जामीन राहिले तेही तेच. पुढे वयातलं वीस वर्षांचं अंतर मिटलं, रविवारचा चहा ठरलेला.

चार महिन्यांपूर्वी मामा गेले. दहाव्याला हा घाटावर मागे उभा होता. कावळा शिवेना. मुलगा, पुतणे एकेक करून पुढे होत "काळजी करू नका" म्हणत होते. याच्याही ओठांवर काहीतरी आलं, पण पाय उचलला नाही. "मला ना सुतक, ना नातं. मी कोण लागतो?" त्यात मामांचा शेवटचा मिस्ड कॉल. माल पाठवायच्या गडबडीत उलट फोन करायचा राहून गेला होता.

शिक्षकासाठी, मित्रासाठी, शेजारच्या काकूंसाठी असं रडणारे बरेच जण येतात, आणि रडण्याची लाज घेऊनच येतात. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये या दुःखाची नीट मांडणी केली: ज्याला आजूबाजूचे लोक दुःख म्हणून मोजतच नाहीत, ते. रजा मिळत नाही, भेटायला कुणी येत नाही. आपल्याकडे मात्र पितृपक्षातल्या महालयात गुरू आणि आप्त यांचंही तर्पण करतात. हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा खुर्चीत टेकून बसला.

मग मी चुकले. मामांना आभाराचं पत्र लिहा म्हटलं. पुढच्या वेळी कोरा कागद परत. "लिहिणं आपलं काम नाही मॅडम." खरंच होतं ते.

म्हणून विचारलं, मामांनी शिकवलेलं अजून काय करता? तो पाऊण तास बोलत होता. मशीनवरून उतरलेल्या गरम जॉबला, म्हणजे घडवलेल्या भागाला, मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला म्हणून मामांनी कसा हात झटकला होता. पन्नास मिलिमीटरचा लोखंडी जॉब तीस अंशांनी तापला तर सतरा-अठरा मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जास्त दाखवतो, थंड झाला की माप गेलं. बोलताना त्याचा अंगठा आणि तर्जनी हवेतच मायक्रोमीटरचं रॅचेट, म्हणजे टोकाची फिरकी, फिरवत होते.

झोप, जेवण, काम ठीक होतं, म्हणून औषधाचा प्रश्न नव्हता. सहा महिन्यांनंतरही रोजचं जगणं अडून राहिलं, तर मात्र मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते.

त्याला एवढंच सुचवलं, हे मामींना सांगून या.

तो गेला. मामींना यातलं काहीच माहीत नव्हतं. जॉबची गोष्ट ऐकून त्या हसल्या म्हणे. "बाहेर मायक्रॉन मोजायचे, आणि घरातला नळ चार वर्षं गळतोय!"

"मग?" मी विचारलं.

"वॉशर गेला होता. बदलून आलो."