बीटा किरणं अल्फा आणि गॅमापेक्षा वेगळी कशी? ती अडवायला शिसं लागतं का?

बीटा म्हणजे अणुकेंद्रातून सुसाट सुटलेला इलेक्ट्रॉन. केंद्रात इलेक्ट्रॉन मुळात नसतोच. न्यूट्रॉनचा प्रोटॉन होताना तो तिथल्या तिथे तयार होतो आणि बाहेर पडतो. अल्फा म्हणजे दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनचा गठ्ठा, बीटापेक्षा सुमारे 7300 पट जड, त्यामुळे साध्या कागदालाही अडतो. गॅमा म्हणजे प्रकाशासारखाच किरण, त्याला ना वस्तुमान ना विद्युतभार, म्हणून त्याला जाड शिसं किंवा काँक्रीट लागतं. बीटा या दोघांच्या मधला: काही मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम पुरतं.

पण सगळे बीटा सारखे नसतात. ट्रिटियमचा (किरणोत्सारी हायड्रोजनचा) बीटा इतका दुबळा, की कातडीच्या वरच्या मृत थरातच संपतो. फॉस्फरस-32 (किरणोत्सारी फॉस्फरस) चा मात्र हवेत काही मीटर जातो.

आता शिशाचं. इथेच बरेच जण फसतात. जोरदार बीटा थेट शिशावर आदळला की तो झटकन मंदावतो आणि त्यातून क्ष-किरण निघतात, म्हणजे आगीतून फुफाट्यात! म्हणून प्रयोगशाळेत फॉस्फरस-32 हाताळताना समोर साधारण 1 सेंटिमीटर जाडीचा पारदर्शक अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकचा पडदा ठेवतात; त्यात असे क्ष-किरण फारसे निघत नाहीत. शिसं लावायचंच असेल, तर ते अ‍ॅक्रिलिकच्या अलीकडे, आपल्या बाजूला.

आणि हो, अल्फा कागदाला अडतो म्हणून त्याला निरुपद्रवी समजू नका. अल्फा सोडणारा पदार्थ श्वासातून आत गेला, तर तिघांत अल्फाच सर्वात घातक.