जास्त मिठाचा रोगप्रतिकारक पेशींवर परिणाम होतो का?

आपण निपाणीहून विचारले आहे की, रोजच्या ताटातील लोणचे, पापड आणि सांडगी मिरची यांतील मीठ रक्तदाबाखेरीज रोगप्रतिकारक पेशींनाही बाधते का. होय, बाधते, मात्र प्रत्येक पेशीवरील परिणाम वेगळा असतो.

पेशीभोवती सोडियम वाढले की आतील पाणी बाहेर खेचले जाऊन पेशी आकसते. या ताणाने पी३८ हे संदेशवाहक प्रथिन जागे होते आणि पुढे एनएफएटी५ व एसजीके१ या पेशीतील प्रथिनांमार्फत जनुकांचे कार्य बदलते. याच साखळीने दाह वाढवणाऱ्या टीएच१७ या रोगप्रतिकारक पेशी अधिक तयार होतात आणि उंदरांमध्ये मज्जासंस्थेचा स्वयंप्रतिकार आजार (ज्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते) तीव्र होतो, असे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसले. त्वचेत साठलेले मीठ मात्र तेथील भक्षक पेशींची जंतू मारण्याची क्षमता वाढवते. म्हणून जास्त मीठ खावे असे कृपया समजू नये, कारण मूत्रपिंड जादा मीठ बाहेर टाकत असताना होणाऱ्या संप्रेरकांतील बदलांमुळे न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी दुबळ्या पडतात, आणि त्यामुळे उंदरांमध्ये मूत्रपिंडाचा जंतुसंसर्ग बळावल्याचे आढळले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे, आणि लोणच्या-पापडांतील मीठही त्यातच मोजावे.