आईचं यकृत, लेकीचा आरएनए

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी एम. एस. युनिव्हर्सिटीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय बायोकेमिस्ट्री. आईला ऑटोइम्यून हिपॅटायटिस. लेक म्हणते, ‘आरएनएवरच्या खुणांवर पीएच.डी. करणार.’ वडील विचारतात, ‘हे खूळ तर नाही? पुढे पोटापाण्याचं काय?’

सप्रेम नमस्कार.

खूळ नाही. तुमच्या घरातल्या आजारात शरीराच्याच टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, यकृतावर उठतात. प्रेडनिसोलोन, अझाथायोप्रिन ही औषधं सगळीच प्रतिकारशक्ती दाबतात. नेमक्या चुकार पेशी आवरणारं औषध हवं, ही लेकीची तळमळ रास्त आहे.

जनुकाचा निरोप आरएनए नेतो आणि त्यावर पेशी बारीक रासायनिक खुणा करते. एम६ए ही त्यातली ठळक खूण १९७४ पासून ठाऊक होती. पण एफटीओ हे एन्झाइम ती पुसतं हे २०११ मध्ये दिसलं आणि विषयात पुन्हा जीव आला. खूण करणारं मेटल३ हे एन्झाइम उंदरांच्या टी पेशींतून काढलं, तेव्हा त्या पेशी निवांतच राहिल्या. कारण पेशीला ब्रेक लावणाऱ्या प्रथिनांचे निरोप वेळेवर मोडीत निघेनात. हे २०१७ चं काम. मग मेटल३ बंद करणारी गोळी द्यावी? थांबा. हेच मेटल३ नियामक टी पेशींतून, म्हणजे इतरांना आवरणाऱ्या पेशींतून काढलं, तर उंदरांना उलट गंभीर ऑटोइम्यून आजार झाला. एकच खूण, पेशीगणिक परिणाम वेगळा. यकृतात कोणत्या पेशीत ती काय करते, हे शोधणं हेच तुमच्या मुलीच्या पिढीचं काम.

म्हणूनच एक गोष्ट तिला हळुवारपणे सांगा. आईला बरं करीन या ओढीवर पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं निघत नाहीत. उंदरांची यकृतं, फ्लो सायटोमेट्री (पेशी एकेक करून मोजण्याचं तंत्र), फसलेले प्रयोग, आर या संगणकभाषेत तासन्‌तास डेटा चाळणं. हे रोजचं काम तिला आवडतं का? औषध आईच्या हयातीत येईलच असं वचन तिने स्वतःलाही देऊ नये. आणि आईची औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कुणी कमी करू नयेत, हे मी मुद्दाम लिहितोय.

पैशांचं: सीएसआयआर नेट या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली, तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, शिवाय घरभाडं. एम.एस्सी.साठी जॅम आणि गॅट-बी या प्रवेशपरीक्षा. पुढे प्राध्यापकीच करायला हवी असं नाही. सिक्वेन्सिंगचा, म्हणजे डीएनए-आरएनएची अक्षरं वाचण्याचा, डेटा वाचता येणाऱ्यांना औषध कंपन्याही घेतात.

पण आज पीएच.डी.चा निर्णय घेऊच नका. विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप असते, तिचा अर्ज तिला भरू द्या. इम्युनॉलॉजीची (प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाची) प्रयोगशाळा मिळाली तर उत्तमच. अर्जाला प्राध्यापकांचं शिफारसपत्र लागतं. ते ऐनवेळी मागितलं तर दोन ओळींचं मिळतं. तेव्हा तिला याच आठवड्यात त्यांना भेटायला सांगा.